टोकाकडून

आमच्या कॉलेजच्या जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत एक सापळा आहे. तो विषय शिकवणारे सर नोकरीत होते तोवर त्याच्या गळ्यात बारा महिने साखरेच्या गाठी असायच्या, पाडव्याला गुढीला घालतात त्या, पांढऱ्या आणि गुलाबी. पाडवा झाला की जव्हारच्या बाजारात उरलेल्या सगळ्या गाठी सर एकदम उचलायचे. दुकानदाराला वाटायचं, मास्तरांच्या घरात पोराबाळांचा मोठा गोतावळा असणार. घरी सर आणि त्यांची म्हातारी आई, दोघंच. गाठी सगळ्या सापळ्याला.

मी त्या प्रयोगशाळेत सहायक आहे. परीक्षानळ्या धुणं, मुलांना सामान काढून देणं, फुटलेल्या काचा गोळा करणं हे माझं काम. सरांच्या काळात त्यात मुंग्यांची भर पडली होती. मुंग्या सापळ्याच्या पायावरून चढायच्या आणि कवटीच्या डोळ्यांतून बाहेर पडायच्या. एकदा मी वैतागून म्हटलं, "सर, हा माणूस मेला तेव्हासुद्धा याला एवढ्या मुंग्या लागल्या नसतील."

सर गंभीरपणे म्हणाले, "तो प्लास्टिकचा आहे, बाई." आणि मुंग्या गाठी कोणत्या टोकाकडून खातात ते वहीत लिहायला लागले.

या सगळ्याच्या मुळाशी एक एन्झाइम होतं. नाव अल्फा-मॅनोसिडेज. ते मी इतक्या वेळा ऐकलंय की झोपेतून उठवून विचारलंत तरी सांगेन. आपल्या शरीरातल्या पुष्कळ प्रथिनांवर साखरेच्या साखळ्या असतात, सापळ्याला गाठी तशा. प्रथिन जुनं झालं की ते पेशीतल्या एका पिशवीत मोडायला जातं. तिचं नाव लायसोसोम. सर तिला पेशीतलं भंगाराचं दुकान म्हणायचे. तिथे साखळी मधूनच तोडून चालत नाही. टोकाची साखर आधी, मग तिच्या आतली, मग तिच्याही आतली, आणि प्रत्येक जातीच्या साखरेला कामगार वेगळा. मॅनोज नावाची साखर टोकाला आली की अल्फा-मॅनोसिडेजने हात लावायचा. तो जन्मतःच नसला तर बाकीचे कामगार नुसते बसून राहतात, अर्धवट साखळ्या साचतात, पेशी फुगतात. लेकराला कमी ऐकू येतं, बोलणं मागे राहतं, चेहरा जड दिसतो, पुढे चालणंही डळमळतं. "एक माणूस कामावर आला नाही," सर म्हणायचे, "की अख्खं घर अडगळीत जातं."

अकरावीच्या पुस्तकात लायसोसोमला मोजून चार ओळी. सर त्या जूनमध्ये सुरू करायचे आणि दिवाळीच्या सुट्टीपर्यंत पुरवायचे. मोखाड्याच्या पाड्यांवरून आलेली मुलं घरी वेगळी भाषा बोलणारी. पुस्तकी मराठीतला 'पर्यावरण' लिहिताना त्यांना घाम फुटायचा, पण अल्फा-मॅनोसिडेज न अडखळता म्हणायची. एकाने परीक्षेत 'हृदयाची रचना लिहा' या प्रश्नाला उत्तर लिहिलं होतं, 'हृदय पेशींचे असते. पेशीत लायसोसोम असतो,' आणि पुढे दीड पान सरांचं एन्झाइम. सरांनी त्याला पैकीच्या पैकी गुण दिले. प्राचार्यांनी जाब विचारला तेव्हा म्हणाले, "का, हृदयात कचरा होत नाही?"

सरांच्या खोडी सांगायच्या तर पहिली म्हणजे ते कुणाकडेही पाठ करून बोलत नसत. फळ्यावर एक शब्द लिहायचा, वळायचं, वर्गाकडे तोंड करून, ओठ चांगले हलवून तो म्हणायचा, परत वळायचं, पुढचा शब्द लिहायचा. एका वाक्याला सहा-सात गिरक्या. मुलं त्यांना भोवरा म्हणायची. चालताना बोलायची वेळ आली तर सर उलटे चालायचे. एसटी डेपोपासून कॉलेजच्या फाटकापर्यंत प्राचार्यांशी बोलत ते उलटे चालत आलेले मी या डोळ्यांनी पाहिले आहेत. वाटेत एक म्हैस आडवी आली, तिला वळसा घातला, पण वाक्य मोडलं नाही.

दुसरी खोड म्हणजे कात्री, सुरी, ब्लेड यांना ते हात लावत नसत. मिठाईच्या खोक्याची सुतळी असो की टपालाचं पुडकं, टोक शोधून सोडवायचं. पेढे आले की स्टाफरूममधले लोक आधी चहा पिऊन घ्यायचे, कारण खोकं उघडेपर्यंत तास भरायची वेळ यायची. अकरावीच्या प्रात्यक्षिकाला खोडाचे पातळ काप ब्लेडने घ्यावे लागतात. ते कायम मी घ्यायचे आणि सर शेजारी उभे राहून खिडकीबाहेर बघायचे. त्यांचा डबाही तसाच. भेंडी अख्खी, वांगं अख्खं, पालेभाजी हाताने खुडलेली, कांदा बुक्कीने फोडलेला. स्टाफरूममध्ये सगळ्यांचं एकमत होतं की सरांची आई महाआळशी आहे. मीही त्यात होते. आता त्याची लाज वाटते.

नव्या प्रयोगशाळेच्या उद्घाटनाला बाहेरगावचे एक मोठे पाहुणे आले होते. शिपायाने दाराला लाल फीत बांधली होती आणि सुटू नये म्हणून गाठींवर गाठी मारल्या होत्या. मी तबकात कात्री घेऊन उभी. पाहुणे कात्रीला हात घालणार एवढ्यात सर मध्ये आले. "साहेब, विज्ञानाच्या दारात कापाकापी नको. टोकाकडून सोडवा." पाहुण्यांना वाटलं हा कार्यक्रमाचाच भाग असणार. ते सोडवायला लागले. पहिली गाठ सुटली तेव्हा सरांनी टाळ्या वाजवल्या, म्हणून आम्हीही वाजवल्या. तिसऱ्या गाठीला पाहुण्यांचा चष्मा घसरला, चौथीला त्यांनी दात लावले. प्राचार्य उन्हात घामाने निथळत होते. शेवटी फीत सुटली, पाहुण्यांनी तिची नीट घडी करून खिशात घातली आणि भाषणात म्हणाले की जन्मात कितीतरी फिती कापल्या, पण सोडवलेली ही पहिलीच. जाताना त्यांनी सरांचा हात बराच वेळ हातात धरून ठेवला होता.

शिक्षक दिन आला की सगळे गुरुजी हार घालून घेतात. सर हार घेऊन डेपोमागच्या रहीमचाचांच्या भंगाराच्या दुकानात जायचे, पाठोपाठ अकरावीचा वर्ग. तिथे एक माणूस दिवसभर जुन्या पंख्यांचे आणि मिक्सरचे नुसते स्क्रू काढायचा. तो स्क्रू काढणार, मग दुसरा तांबं वेगळं करणार, तिसरा पत्रा. सर त्या स्क्रूवाल्याला खुर्चीवर बसवून हार घालायचे. तो बिचारा कावराबावरा व्हायचा. "मास्तर, मैं तो सिर्फ स्क्रू निकालता हूँ," म्हणायचा.

"हेच, हेच!" सर मुलांकडे वळून ओरडायचे. "हा नसेल तर?"

"सगळं साचंल!" मुलं एका सुरात.

रहीमचाचा गल्ल्यामागून म्हणायचे, "अरे मास्तर, मालक मी. एक हार इकडे पण येऊ द्या की!"

"तुम्ही लायसोसोम आहात, चाचा. तुमचा मान वेगळा." चाचांना लायसोसोम म्हणजे काय ते शेवटपर्यंत कळलं नाही, पण आपल्याला मास्तरांनी काहीतरी पदवी दिली आहे असं ते गिऱ्हाइकांना सांगायचे.

तिसरी खोड सगळ्यात वाईट. समोर माणूस आला की सर विचारायचे, "लहानपणी तुमचा कान वाहायचा का?" त्या आजारात लेकरांचे कान फार वाहतात म्हणून. त्यांनी हे प्राचार्यांना विचारलं, डेपोतल्या कंट्रोलरला विचारलं, एका लग्नात बोहल्यावर उभ्या नवरदेवाला विचारलं. आमच्या भागात चार महिने पाऊस मुक्काम ठोकून असतो, पोरं डोहात उड्या मारतात. कान कुणाचा वाहिला नाही? जो तो हो म्हणायचा आणि सर वहीत नाव टिपायचे. अशा रीतीने अख्खा तालुका संशयित झाला होता.

म्हणूनच मी माझी पमी त्यांच्यापासून लपवून ठेवली होती.

पमी तेव्हा साडेतीन वर्षांची. दोन्ही कान वाहायचे. 'आ' आणि 'दे' यापलीकडे शब्द नव्हता. हाक मारली तर बघायची नाही, आणि चेहरा जरा सुजल्यासारखा वाटायचा. सरांचं भाषण माझं तोंडपाठ, त्यामुळे रात्रंदिवस माझ्या डोक्यात तेच. विचारलं नाही तर नसेलच, असं मी मनाला बजावत होते. नवरा दाभोशाच्या रस्त्यावर जीप चालवतो. तो म्हणायचा, बोलेल बोलेल. जामसरला माझी सासू असते, ती मात्र स्पष्ट बोलायची. पमी पोटात असताना ग्रहण लागलं होतं आणि त्या दिवशी मी सुट्टी न घेता कॉलेजात प्रात्यक्षिकाला उभी होते. गरोदर बाईने ग्रहणात काही चिरू-कापू नये असं आमच्याकडे मानतात.

"गिरानात तू कालेजात ब्लेडनी खोडां कापत होतीस," सासू म्हणायची. "मी बोलली होती ना, घरात निजून ऱ्हा? मंग पोर मुकी नाय तं काय व्हनार?"

मी सायन्सची बाई. हसून सोडून द्यायला हवं होतं. पण ब्लेड हातात घेण्याआधी मी खिडकीतून सूर्याकडे बघून घ्यायला लागले होते, हेही खरं.

एक दिवस अंगणवाडी बंद होती म्हणून पमीला प्रयोगशाळेत आणावं लागलं. सर बाहेरगावी गेले होते, निदान मला तसं वाटलं होतं. मी नळ्या धूत होते. वळून बघते तर पमी स्टुलावर उभी राहून सापळ्याच्या गाठी खात होती. खालच्या टोकाचं पदक संपवलं, मग त्याच्या वरचं, मग त्याच्या वरचं. आणि दारात सर.

ते ओरडले नाहीत. तिच्यासमोर उकिडवे बसले, चेहरा तिच्या चेहऱ्यासमोर आणला आणि एकेक शब्द सुटा करून म्हणाले, "गोड. आहे. का?"

माझी पोर, जी सख्ख्या बापाच्या हाकेला बघत नव्हती, तिने त्यांच्या ओठांकडे टक लावून पाहिलं आणि मान हलवली.

सर माझ्याकडे वळले. "बाई, हिचा कान..."

"वाहतो! वाहतो, दोन्ही वाहतात!" मी नळी आपटून म्हटलं. "लिहा वहीत. आणि माझ्या पोरीला फळ्यावर मांडायचं नाही, सांगून ठेवते. घरी सासू म्हणते ग्रहणात ब्लेड धरलंस म्हणून झालं. तुम्ही म्हणणार एन्झाइम नाही म्हणून झालं. मी कुणाचं ऐकू?" आणि रडायला लागले. परीक्षानळ्यांच्या ट्रेवर ओणवून, नाक पुसत, अगदी लाजिरवाणं.

सर उठून खिडकीशी गेले. "ग्रहणात ब्लेड," ते म्हणाले. "असं म्हणतात का अजून?" हे ते माझ्याकडे पाठ करून बोलले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

त्या दिवसापासून त्यांनी सापळा, मुंग्या, वही सगळं बाजूला ठेवलं. पमीला घेऊन आम्ही दवाखान्यात गेलो. डॉक्टरीणबाईंनी तपासलं, म्हणाल्या कान मोठ्या दवाखान्यात दाखवाच, पण सर म्हणतात ती रक्ततपासणीही करून टाकू, म्हणजे मनातली पाल चुकचुकायची थांबेल. ती तपासणी मुंबईतल्या एका लॅबमध्ये व्हायची. मी सरांना विचारलं, निघालं तर पुढे काय? ते खोटं बोलले नाहीत. म्हणाले, औषध परदेशात आहे, आपल्या हाताला लागणं कठीण. पोर हळूहळू मागे मागे जाते. "पण निघालं तर ते ब्लेडने झालेलं नसेल, एवढं तरी तुमच्या सासूबाईंना ठणकावून सांगता येईल."

लॅबची अट अशी होती की रक्त थंड राहिलं पाहिजे पण गोठता कामा नये, त्याच दिवशी पोचलं पाहिजे, आणि सोबत एका धडधाकट, नात्यात नसलेल्या माणसाचंही रक्त हवं. त्याला कंट्रोल म्हणतात. दोन्ही नमुने एकाच पेटीतून जातात. दोन्हींत एन्झाइम कमी निघालं तर समजायचं की वाटेत रक्त खराब झालं.

आता धडधाकट माणूस आणायचा कुठून? सरांच्या वहीप्रमाणे तालुक्यात तो शिल्लकच नव्हता. शिपाई म्हणाला, माझं घ्या. बाद, दोन्ही कान. प्राचार्य म्हणाले, माझं घ्या. बाद, डावा कान. मी म्हटलं, "सर, कान वाहणाऱ्या प्रत्येकाला हा आजार नसतो, हे तुम्हीच शिकवता ना!" पण पोरीच्या बाबतीत त्यांना तीळभर शंका चालत नव्हती. शेवटी भौतिकशास्त्राचे एक सर उलटतपासणीतून पार पडले. आमच्या सरांनी दोनदा बॅटरी लावून त्यांचे कान बघितले.

ठरलेल्या दिवशी सकाळी आम्ही दवाखान्यात जमलो. रहीमचाचांनी भंगारात आलेली कुल्फीवाल्याची पेटी घासूनपुसून दिली होती आणि बर्फही स्वतः आणून भरला होता. सरांनी पेटीत आपला लोकरी स्वेटर घातला, म्हणजे रक्त बर्फाला टेकणार नाही. पमीचं रक्त घेऊन झालं. भौतिकशास्त्राच्या सरांनी बाही वर केली. नर्सने सुई काढली. तेवढ्यात ते गप्पांच्या ओघात म्हणाले, "लहानपणी सुईची फार भीती वाटायची मला. तसं आजीने कानात लसणाचं तेल घातलं तरी मी बोंब ठोकायचो."

"लसणाचं तेल कशाला?" आमच्या सरांनी विचारलं.

"वाहायचा ना."

"खाली उतरा," सर म्हणाले.

ठाण्याची गाडी सुटायला अर्धा तास होता. पमी रडत होती, बर्फ वितळत होता. मी म्हटलं, "सर, तुमचा कान कधी वाहिला?"

"नाही."

"मग बसा खुर्चीत."

सरांचा चेहरा पांढराफटक पडला. "माझं नको, बाई. दुसरं कुणीतरी बघू." मी हसले. म्हटलं, तालुक्याला सळो की पळो करून सोडलंत आणि स्वतः सुईला भिता? चाचाही म्हणाले, "बैठो मास्तर, मुंगी चावल्यासारखं होतं." सरांनी पमीकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि बसले. सुई जाताना त्यांनी डोळे मिटले नाहीत. नळीत चढणाऱ्या रक्ताकडे ते असे बघत होते, जणू ते आत्ता काहीतरी बोलणार आहे.

गाडीत त्यांनी पेटी मांडीवरून खाली ठेवली नाही. कंडक्टरने विचारलं, कुल्फी काय भावाने? सरांनी पेटी कवटाळून उभं राहून, तोंड मागच्या सीटांकडे करून, सगळ्या गाडीला लायसोसोम समजावून सांगितला. उतरताना दोन बायकांनी पमीच्या हातात केळी दिली आणि एकीने मला विचारलं, "मास्तर घरचेच का गं?" मी हो म्हटलं.

लॅबच्या खिडकीपाशी पोचलो तेव्हा दुपार झाली होती. पेटीला चाचांनी सुतळीचे सात वेढे दिले होते आणि प्रवासात गाठी भिजून आवळल्या होत्या. आतली मुलगी कात्री घेऊन आली आणि मी कपाळाला हात लावला. आता हे टोक शोधत बसणार. सर पेटीकडे बघत म्हणाले, "कापा."

"सर?"

"कापा, कापा लवकर! वेळ जातोय."

अहवाल यायला बरेच दिवस लागले. त्या दिवसांत सर मला काही शिकवायला आले नाहीत आणि मीही मुंग्या मारल्या नाहीत. अहवाल त्यांच्या मोबाइलवर आला तेव्हा आम्ही दोघंच प्रयोगशाळेत होतो. त्यांनी चष्मा पुसला, वाचला, माझ्याकडे पूर्ण वळले.

"पमी नॉर्मल आहे. एन्झाइम आहे. जेवढं हवं तेवढं आहे."

मी खाली फरशीवरच बसले. काय बोलले ते आठवत नाही. सापळ्याचा पाय धरून रडले एवढं आठवतं. डोक्यावरून गाठींचा चुरा पडत होता. पुढे पमीच्या कानांचं छोटं ऑपरेशन झालं, आतला चिकटा निघाला आणि आता ती इतकी बोलते की सासू म्हणते, "हिला जरा गप करा. मी आधीच बोलली होती, कानाचा हाय म्हणून." पण ते नंतरचं. त्या दिवशी डोळे पुसून वर पाहिलं तर सर अजून मोबाइलकडेच बघत होते.

मग ते फळ्याशी गेले. एक शब्द लिहिला, वळले. "कंट्रोल." परत लिहिलं, वळले. "अर्धं."

मला कळेना.

"कंट्रोलमध्ये एन्झाइम अर्ध्याच्या आसपास आहे. लॅबने लिहिलंय, हा कंट्रोल योग्य नाही, बदला." ते हसायला लागले. "मी नापास झालो, बाई."

"वाटेत खराब झालं असेल रक्त."

"पेटी एकच. पमीचं खराब झालं नाही. म्हणजे माझं मुळातच अर्धं आहे." खडू त्यांच्या हातात तुटला. "ज्याचं अर्धं, त्याला काही होत नाही. कान कोरडे राहतात. पण आईकडून नासकं अर्धं आणि वडिलांकडूनही नासकं अर्धं असं दोन्ही ज्याच्या वाट्याला आलं, त्याला होतं. माझ्या ताईला आलं होतं."

सर घाटावरचे, एवढंच आम्हाला ठाऊक होतं. ताई होती हे कुणाला माहीत नव्हतं. ती त्यांच्याहून मोठी. तिला ऐकू येत नसे. समोर तोंड करून, ओठ हलवून बोललं तर कळायचं, म्हणून सर बोलायला शिकले ते तसेच शिकले. पुढे तिचं चालणं गेलं, समजणं गेलं, आणि ती गेली. सर तेव्हा शाळेत होते. घरात आजीने एकच निकाल दिला होता, सुनेने पोटुशी असताना ग्रहणात विळीवर भाजी चिरली. गावानेही तेच धरलं. आईने त्या दिवसापासून विळीला, सुरीला, कात्रीला हात लावला नाही. सगळी भाजी हाताने मोडायची, दोरा असला तर सोडवायचा. "कॉलेजात असताना एका जाड पुस्तकात त्या आजाराच्या मुलीचा फोटो पाहिला," सर म्हणाले. "ताईच होती ती. हुबेहूब."

"मग इतकी वर्षं स्वतःचं रक्त का नाही तपासलंत?"

"नॉर्मल आलं असतं तर?" ते म्हणाले. "मग आईची विळीच उरली असती."

मला त्या खुर्चीतला त्यांचा पांढरा चेहरा आठवला आणि स्वतःच्या हसण्याचा राग आला. त्यांना रक्त द्यायचं नव्हतं. माझ्या पोरीसाठी दिलं.

"चला माझ्याबरोबर घरी," सर म्हणाले. "मी एकट्याने सांगितलं तर आईला वाटेल, पोरगा समजूत काढतोय."

वाटेत अहवाल कागदावर छापून घेतला. म्हातारी ओट्याशी बसून मेथी खुडत होती. वाळलेली, लहानखुरी, हातावर गोंदण. सर तिच्यासमोर उकिडवे बसले आणि माझ्या पमीशी बोलले होते तसे, एकेक शब्द सुटा करून बोलले. तिला चांगलं ऐकू येतं, तरीही. आई, ताईला झालं ते विळीने नाही. रक्तातलं होतं. माझ्याही रक्तात अर्धं आहे. हा कागद.

म्हातारीने कागदाकडे पाहिलंही नाही. "रक्तातलं," ती हळूच म्हणाली. "म्हंजे माझ्याच रक्तातलं ना? मंग माझाच दोष की."

सर गडबडले. एवढा शिकवणारा माणूस, नुसता कागद उलटसुलट करायला लागला. मीच म्हटलं, "आजी, एकट्या आईकडून आलं तर काही होतच नाही. बाबांकडूनही यावं लागतं. अर्धं तुमचं, अर्धं त्यांचं."

तिचे हात थांबले. "त्येंचं पन?"

"हो."

"बराबर निम्मं?"

"बरोबर निम्मं," सर म्हणाले. "बाबांना आलं असणार ते आजीकडून, नाहीतर आजोबांकडून."

"आजीकडनंच!" म्हातारी एकदम ताठ बसली. "तिच्याकडनंच आसनार! आन् जलमभर मला येकटीला..." आणि ती हसायला लागली. पदर तोंडात कोंबून, खांदे हलवत, डोळ्यांतून पाणी काढत हसली. "सासूबाई आज आसायला पायजे हुत्या रे," म्हणाली. मग रडली. सर तिचे पाय धरून बसले होते आणि मेथी सगळीकडे पसरली होती.

थोड्या वेळाने डोळे कोरडे करून ती म्हणाली, "विळी आन."

त्या घरात विळी नव्हती. मी धावत रहीमचाचांकडे गेले. "मास्तरला विळी?" चाचा म्हणाले. "मास्तर तर कात्रीला पण सलाम करत नाही." पण त्यांनी ढिगातून एक जुनी विळी काढली, स्वतः धार लावून दिली.

म्हातारीने पाटावर पाय ठेवला. हाताला सवय राहिली नव्हती, बोटं चाचपडत होती. तिने एक भेंडी उचलली. सर समोर बसलेले. "आई, टोकाकडून," ते म्हणाले.

"गप ऱ्हा," म्हातारी म्हणाली. "आधी देठ." आणि कापलं.

दुसऱ्या दिवशी सरांनी डबा स्टाफरूमच्या मोठ्या टेबलावर मधोमध उघडून ठेवला. चिरलेली भेंडी होती. कुठे जाड तुकडा, कुठे बारीक, एक तर नुसता अर्धा चिरलेला. सर जेवेनात. कुणीतरी विचारेल म्हणून एकेकाच्या तोंडाकडे बघत बसले. कुणाला काय माहीत, जो तो आपल्या डब्यात. शेवटी मीच विचारलं, "सर, आज भाजी कुणी चिरली?"

सर खुर्चीवरून उठले, माझ्याकडे पूर्ण वळले आणि ओठ चांगले हलवून, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "माझ्या. आईने."